हिंगणघाटची पायी मोजमाप फेरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हंगामात तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. फोनवर सगळ्यांना सारखं उत्तर देणं होत नाही, कधी घाईत अर्धवट सांगितलं जातं. म्हणून एकदाच बसून सविस्तर लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

ही फेरी नेमकी कशाची?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात सकाळी साधारण साडेतीन तास आम्ही पायी फिरतो आणि या गावात काय काय मोजलं गेलं ते पाहतो. पृथ्वी मोजायला निघालेला माणूस इथेच वारला. इथल्या कापसाचा धागा जगाच्या बाजारात तोलला गेला. कोळशासाठी टाकलेला रेल्वेचा फाटा गावाला खेटून गेला. पुस्तकात हे तीन धडे वेगवेगळे असतात. गावात ते एका सकाळच्या चालण्यात बसतात.

मी तीस वर्षं गणित शिकवलं. माझ्यासोबत जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, उभी हयात घालवलेले एक काका असतात आणि मृदशास्त्र शिकलेली एक ताई असते. कापसाचं काका सांगतात, जमिनीचं ताई सांगते, कोन आणि साखळ्या माझ्याकडे.

विज्ञानाचा इतिहास पाहायचा तर मुंबई, पुणे, बंगळूरला जावं. हिंगणघाटला कशाला?

तिथे जरूर जा. तिथल्या प्रयोगशाळा, वेधशाळा पाहण्यासारख्याच आहेत. पण विज्ञानाचं पुष्कळ काम उघड्यावर झालं. शेताच्या बांधावर, टेकडीच्या माथ्यावर, बैलगाडीमागे चालताना झालं, आणि ते पाहायला उघड्यावरच यावं लागतं. आमच्या शाळांतल्या मुलांना वाटतं की शोध कुठेतरी लांब लागतात आणि आपल्याकडे नुसते छापून येतात. ज्या रस्त्याने ती रोज सायकलवर शाळेत जातात, त्याच गावात एव्हरेस्टच्या उंचीपर्यंत पोचलेल्या कामाचा कर्ता पुरला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मलाही शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. मला ते कळलं तेव्हा शिकवायला लागून सहा वर्षं झाली होती, आणि ती सहा वर्षं वाया गेल्यासारखं वाटलं.

तो माणूस कोण?

विल्यम लॅम्ब्टन. इंग्रजांच्या फौजेतला अधिकारी. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत तो होता. लढाई संपल्यावर त्याने एक वेगळीच मागणी पुढे केली: दक्षिण हिंदुस्थान किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत अचूक मोजायचा, आणि ते करता करता पृथ्वीचा आकारही ठरवायचा. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली आधाररेषा मोजायला सुरुवात झाली. सुमारे बारा किलोमीटरची ती रेषा मोजायला ५७ दिवस लागले.

तिथून पुढे वीस वर्षं हा माणूस तंबूत राहिला. मुख्य रेषा ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीकडून उत्तरेला सरकत आली. १ जानेवारी १८१८ पासून या कामाला ‘ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे ऑफ इंडिया’ असं नाव मिळालं. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट त्याचा मदतनीस म्हणून नेमला गेला. १८२२ संपता संपता काम वऱ्हाडापर्यंत आलं होतं. मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरलं, आणि त्या वाटेवर २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला लॅम्ब्टनने प्राण सोडला. तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता.

आज हैदराबाद-नागपूर महामार्गावरून ट्रक धावतात. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ४४. लॅम्ब्टनची रेषा आणि हा रस्ता बरंच अंतर एकमेकांच्या आसपासच धावतात. हिंगणघाटजवळ रस्त्याच्या कडेला उभं राहून दक्षिणेकडे तोंड केलं, की तो ज्या दिशेने आला तीच दिशा समोर असते.

कबरीजवळ काय पाहायला मिळतं?

भव्य स्मारक पाहायचं मनात धरून येऊ नका. आम्ही तिथे दहा मिनिटं थांबतो. त्याने काय केलं ते मी सांगतो, मग दोन मिनिटं कोणी बोलत नाही. कबरीवर चढू नये, नाव कोरू नये, हारफुलं टाकून प्लास्टिक मागे ठेवू नये. एवढंच पाळा.

त्रिकोणांनी देश कसा मोजतात? माझं गणित कच्चं आहे.

कच्चं असलं तरी चालतं. हे डोळ्याने पाहून कळतं, म्हणून आम्ही ते मैदानात करून दाखवतो.

दोन खुंट्या तीस मीटर अंतरावर ठोकतो. ही झाली आधाररेषा. समोरच्या लिंबाच्या झाडाला लाल फडकं बांधतो. पहिल्या खुंटीवरून मुलं लाकडी कोनमापकाने कोन घेतात, समजा ६५ अंश. दुसऱ्या खुंटीवरून ७०. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०, म्हणजे झाडापाशी ४५ अंश. आता झाडाकडे न जाता अंतर काढता येतं: पहिल्या खुंटीपासून झाड ३९.९ मीटरवर. मग टेप घेऊन खरंच मोजायचं. आकडा जुळत आला की मुलं ओरडतात, आणि तो आवाज मला अजूनही नवा वाटतो.

गंमत याच्या पुढे आहे. दुसरा कोन ७० ऐवजी ७१ वाचला, एकाच अंशाची चूक झाली, तर अंतर ४०.८ मीटर येतं. जवळजवळ एका मीटरचा फरक! तीस मीटरच्या मैदानात ही गत, तर दोन हजार किलोमीटरवर काय होईल? झाडापर्यंतची ती बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते, त्याची बाजू त्यापुढच्याची, आणि पहिली चूक सगळ्यांत मुरत जाते. म्हणून लॅम्ब्टनचा कोन मोजायचा थिओडोलाइट तीन फूट व्यासाचा आणि सुमारे अर्ध्या टनाचा होता. तो वाहून न्यायला डझनभर माणसं लागत. म्हणूनच काही त्रिकोण झाले की नवी आधाररेषा पुन्हा जमिनीवर मोजून पडताळा घेत.

आणखी एक गोष्ट मोठ्या मुलांना सांगतो. त्रिकोण मोठा झाला की कोनांची बेरीज १८० राहत नाही, थोडी जास्त भरते, कारण जमीन सपाट नसून गोलाईची आहे. साधारण दोनशे चौरस किलोमीटरमागे एक विकला, म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग, इतकी ती वाढ. लॅम्ब्टनच्या आकडेमोडीत हाही हिशेब होता.

साखळीने जमीन मोजणं तर आमच्याकडेही होतं. त्यात विशेष काय?

तुमची शंका रास्त आहे. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. ३३ फूट म्हणजे गंटरच्या ६६ फुटी साखळीचा बरोब्बर अर्धा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. तुमच्या सातबाऱ्यावरचा आकडासुद्धा साखळीतूनच आला आहे.

लॅम्ब्टनची साखळी पोलादाची, शंभर फुटांची, अडीच फुटांच्या चाळीस दांड्या जोडून केलेली. मुळात ती चीनच्या बादशहाला नजर करायला नेली होती. तिकडे तिची कदर झाली नाही, आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली. हा माणूस ती जमिनीवर टाकून ओढत नव्हता. लाकडी पेट्यांत ठेवून, ताण देऊन, सपाटी साधून, शेजारी तापमापक लावून मोजत होता.

तापमापक कशाला, हे आमच्या उन्हात लगेच पटतं. पोलाद तापलं की वाढतं. शंभर फुटी साखळी एका अंशाला साधारण ०.३७ मिलिमीटर वाढते. सकाळचे वीस आणि दुपारचे चाळीस अंश यांत सात मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणाल, सात मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण बारा किलोमीटरच्या रेषेत अशी साखळी चारशे वेळा पडते, आणि तो फरक होतो जवळपास तीन मीटर. म्हणजे सकाळी मोजलेलं शेत आणि दुपारी मोजलेलं शेत वेगळं भरेल.

हाच धडा पुढे स्टेशनवर पुन्हा भेटतो. रुळांच्या जोडांत फट का ठेवत असत, हे एका आजोबांनी आम्ही सांगण्याआधीच ओळखलं होतं. ‘उन्हानं वाढते भाऊ लोखंड, जागा नाही देल्ली तं वाकल,’ असं ते म्हणाले.

थिओडोलाइट पडून मोडला होता ती गोष्ट खरी का?

खरी आहे. ते यंत्र लंडनहून येतानाच फ्रेंचांच्या हाती लागलं होतं. मॉरिशसला नेल्यावर ते कशाचं आहे हे कळलं, तेव्हा फ्रेंचांनी ते मानाने मद्रासला पाठवून दिलं. दोन देशांत लढाई चालू असताना हे घडलं. पुढे १८०८ साली तंजावरच्या मोठ्या मंदिरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि कोन मोजायची चकती वाकली. बदली यंत्र मागवलं तर वर्षं गेली असती. लॅम्ब्टन तंबूत बसला आणि सहा आठवडे रोज थोडं थोडं ताणून, खिट्ट्या मारून त्याने स्वतःच्या हाताने ती चकती गोलाईला आणली. त्याच यंत्राने पुढचं काम झालं.

आमच्याकडे मोटारपंप जळला की रात्रीतून वाइंडिंग करून सकाळी पाणी चालू करणारे हात गावोगाव आहेत. अशा माणसांना ही गोष्ट सांगितली की ते यंत्राबद्दल असे प्रश्न विचारतात जे मला सुचलेच नव्हते.

मग पर्वताला एव्हरेस्टचं नाव कसं? लॅम्ब्टनचं का नाही?

लॅम्ब्टननंतर काम एव्हरेस्टकडे आलं. त्याने ते १८४१ पर्यंत डेहराडूनला नेलं. कन्याकुमारीकडून तिथवर सुमारे २,४०० किलोमीटरची ही रेषा झाली. एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त झाला. त्याच्यानंतर आलेल्या अँड्र्यू वॉच्या काळात हिमालयातलं ‘शिखर १५’ जगात सगळ्यांत उंच ठरलं. त्याची आकडेमोड करणाऱ्यांत बंगालचे राधानाथ सिकदार हे प्रमुख नाव. १८५६ साली २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. आजची मान्य उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. घोड्यावर, पालखीत आणि तंबूत बसून काढलेला आकडा तीस फुटांच्या फरकाने बरोबर निघाला.

नाव वॉने आपल्या जुन्या वरिष्ठाचं दिलं. स्वतः एव्हरेस्टला ते फारसं रुचलं नव्हतं. हे नाव इथल्या लोकांना लिहिता-बोलता यायचं नाही असं तो म्हणाला होता. तो स्वतःच्या नावाचा उच्चार ‘ईव्हरेस्ट’ असा करी.

माझ्या मते लॅम्ब्टनचं नाव निदान आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गणिताच्या वर्गात घेतलं जावं. सिकदारांचंही.

हे सगळं इंग्रजांनी राज्य करायला आणि लुटायला केलं. त्याचं कौतुक कशाला?

हा प्रश्न दर दुसऱ्या फेरीत येतो, आणि यायलाच हवा. नकाशा हे राज्याचं हत्यार होतं. सैन्य कुठून न्यायचं, सारा किती बसवायचा, रूळ कुठून टाकायचे, याला नकाशा लागतोच. लॅम्ब्टनला पैसा आणि माणसं मिळाली ती काही नुसत्या ज्ञानाच्या ओढीपायी नाही.

पण दोन गोष्टी मी सोडत नाही. एक, ते गणित कोणा एकाचं नाही. कोनाची ‘ज्या’, म्हणजे आजचं साइन, आपल्याकडे आर्यभटापासून मोजत आले, आणि ‘साइन’ हा शब्दच ‘ज्या’च्या ‘जीवा’ या रूपापासून अरबी-लॅटिन वाटेने, वाचनातल्या गफलतीतून आलेला आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते अर्ध्या टनाचं धूड टेकडीवर चढवलं ते खलाशांनी, म्हणजे मोजणीवरच्या मजुरांनी. झेंडा धरून उन्हापावसात तासन् तास दूरच्या माथ्यावर उभी राहिली ती इथलीच माणसं. जंगलातल्या तापाने त्यांच्यातले कितीतरी मेले. त्यांची कबर नाही की नाव नाही. फेरीत झेंडा धरायला आम्ही मुद्दाम एकेका मुलाला लांब पाठवतो आणि वीस मिनिटं न हलता उभं राहायला सांगतो. परत आल्यावर त्याला काहीही समजावून सांगावं लागत नाही.

कापसाचा भाग किती वेळ असतो? आमच्या घरी कापूसच आहे, नवीन काय दाखवणार?

एक तास, आणि कास्तकार मंडळींचाच तो सगळ्यांत रंगतो.

सुरुवात बोंडापासून. वेचलेल्या कापसातून चिमूटभर घ्यायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरून हळूच ओढायचा, पुन्हा एकावर एक ठेवायचा, पुन्हा ओढायचा. पाच-सहा वेळा केलं की तंतू सरळ, समांतर होतात. काळ्या कपड्यावर ठेवून पट्टीने लांबी मोजायची. व्यापारी हातानेच हे करून भाव सांगत आला आहे. मग तोच तंतू कागदी सूक्ष्मदर्शकाखाली. उघड्या डोळ्याला सरळ दिसणारा तंतू तिथे पिळलेल्या फितीसारखा दिसतो. बोंड उकलण्याआधी तो गोल, पोकळ नळी असतो. उकलल्यावर वाळतो, नळी चपटी होते आणि तिला पीळ पडतो. हे पीळ एकमेकांत अडकतात म्हणून सूत निघतं. हे पीळ नसते तर सूत असं सहज धरलं नसतं. पन्नास वर्षं कापूस वेचलेल्या एका आजीने त्या भिंगातून पाहिलं, बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग म्हणाल्या, ‘माय, हे तं वातीवानी आहे.’ तीस वर्षांच्या शिकवण्यात मला यापेक्षा नेमकं वर्णन सुचलं नसतं.

‘हिंगणघाट’ हे कापसाचं नाव होतं म्हणतात, ते काय?

होतं. इथला ‘बनी’ हा देशी कापूस. देशी वाणांत त्याचा तंतू मऊ आणि लांब, म्हणून बाजारात ‘हिंगणघाट’ या गावाच्याच नावाने त्याचा भाव बोलला जाई. रेल्वे येण्याआधी या भागातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाड-नागपूरकडे वळले. सरकारने रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला. याच गृहस्थांनी नागपूरजवळच्या जुनापाणीची प्राचीन शिळावर्तुळं खणून त्यांच्याबद्दल लिहिलं. म्हणजे कापसाचा हिशेब ठेवणारा माणूस पुरातत्त्वातही नोंदला गेला.

मग बनी गेला कुठे? गिरण्यांच्या यंत्रांना आणखी लांब धागा हवा होता. अमेरिकन जातीचे वाण आले, १९७० मध्ये गुजरातेत पहिला संकरित कापूस आला, २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणारा, जनुक बदललेला बीटी आला. देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकनमध्ये ५२. दोघांचा संकर सहजासहजी होत नाही, त्यामुळे देशीचा कणखरपणा अमेरिकनमध्ये आणणं सोपं नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानलं नाही हे इथे कोणाला सांगायला नको. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. देशी वाणांचा पुन्हा गंभीरपणे विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. कोरडवाहू, खोल मुळाची, कमी खर्चाची पऱ्हाटी ही आमच्यासाठी जुनी आठवण नाही, गरज आहे.

जिनिंग आतून पाहता येतं का?

दिवाळीनंतर ते साधारण फेब्रुवारीपर्यंत, मालकांची परवानगी मिळेल त्या दिवशी. तोंडाला फडकं बांधायचंच. रुईची धूळ छातीत बसते. गिरण्यांतल्या कामगारांना सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळल्यासारखी व्हायची. त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. माझे वडील त्या धुळीत होते. फडकं बांधा एवढंच मी सांगतो, त्यावर वाद घालू नका.

आत काय पाहायचं? आधी हाताने सरकी काढायचा रेचा आठवा: दोन लाटा उलट फिरतात, रुई पलीकडे ओढली जाते, सरकी जाडीमुळे अडते. एवढंच तत्त्व. आताच्या रोलर जिनिंगमध्ये एका लाटेची जागा पात्यांनी घेतली, हे मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० साली केलं. खरखरीत चामड्याचा रोलर रुई धरतो, एक पातं स्थिर, दुसरं वरखाली होऊन सरकी झटकतं. अमेरिकेत दात्यांचं सॉ जिन जास्त चालतं, ते वेगवान आहे. आपल्याकडे रोलरच टिकला, कारण तो तंतू कमी तोडतो.

शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल, तेल काढल्यावर ढेप, ढेप जनावरांना. १७० किलो रुईची एक गठाण. म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गठाण असं कास्तकारही धरतो. गठाण बांधायचा प्रेस आला म्हणून कापूस आगगाडीत आणि जहाजात मावला. सैल रुई नेणं म्हणजे हवा भाड्याने नेणं.

काका तिथे ओलाव्याचा मीटरही दाखवतात. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात आणि १२ च्या वर माल घेत नाहीत. एका खरेदीच्या ठिकाणी एकाच गाडीतल्या कापसाचे तीन आकडे आलेले आम्ही पाहिले आहेत. वरच्या थरातून घेतला, मधून घेतला, खालून घेतला, तर आकडा बदलतोच. नमुना कसा घ्यायचा हे विज्ञान आहे, आणि ते विकणाऱ्यालाही यायला हवं. फेरीतून कोणी फक्त एवढं शिकून गेला तरी त्याचे पैसे वसूल झाले.

गिरण्यांच्या आत जाता येतं का?

नाही. बाहेरून पाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत या गावात कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. शेतापासून कापडापर्यंत सगळं एकाच गावात, याला त्या काळी मोठा अर्थ होता.

रेल्वेचं काय पाहायचं? स्टेशन तर रोजचंच आहे.

मुंबईहून निघालेली जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. वरोऱ्याला कोळसा मिळाला, तो मुख्य मार्गावर आणायला १८७० च्या दशकात वर्ध्याहून फाटा टाकला, आणि तो हिंगणघाटवरून गेला. वरोऱ्याची ती खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण रूळ राहिले. पुढे बल्लारशाह ते काझीपेठ जोडलं गेलं, १९२९ पासून दिल्ली-मद्रास असा सलग मार्ग झाला. कोळशाचा फाटा देशाचा मणका झाला. रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. आम्ही ते प्लॅटफॉर्मवरून दाखवतो, रुळांवर उतरून मोजू देत नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरची आपली छोट्या लाइनची गाडी शकुंतला ७६२ मिलिमीटरची होती, निम्म्याहूनही कमी.

बारा वाजता काठीची सावली मोजता म्हणे. ते काय आहे?

फेरी मैदानात संपते तेव्हा सूर्य डोक्यावर येत असतो. भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्ताचं आहे, आपण ७८.८ अंशावर. प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे सरासरीने आपली खरी दुपार घड्याळाच्या सव्वाबाराला होते. पण पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला, त्यामुळे ती वर्षभर मागेपुढे होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावली बाराच्या थोडी आधीच सगळ्यांत लहान होते, फेब्रुवारीच्या मध्याला जवळपास साडेबाराला. दोन्ही महिन्यांत आलेली मुलं आपल्या वह्या ताडून पाहतात. मे महिन्यात २३ तारखेच्या आसपास काठीची सावली पार नाहीशी होते. जुलैतही २० च्या सुमारास होते, पण तेव्हा आभाळ दिसू देईल तर.

रात्री गावी जाऊन करायचा प्रयोगही देतो. हात ताठ धरून उत्तरेला क्षितिजावर मूठ ठेवा, तिच्यावर दुसरी. दोन मुठींच्या थोडं वर ध्रुवतारा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, आपलं अक्षांश साडेवीस.

फेरी कधी असते?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी सकाळी साडेआठला. मार्च ते जून बंद. पावसाळ्यात काळ्या मातीत चालणं कसं असतं हे सांगायला नको.

किती चालावं लागतं? म्हातारी माणसं, लहान मुलं चालतील का?

चारेक किलोमीटर, थांबत थांबत. सत्तरीपुढचे बरेच जण आले आहेत. आठ वर्षांखालच्या मुलांना कंटाळा येतो, त्यांना कापसाच्या भागाला तेवढं आणा. चाकाच्या खुर्चीने सगळीकडे जाता येत नाही. आधी कळवलंत तर मैदान, स्टेशन आणि कापूस असा वेगळा क्रम ठेवतो.

पैसे किती?

माणशी शंभर रुपये, त्यात चहा आणि पोहे. जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या मुलांना काही नाही. शाळांनी शनिवारी यावं.

कोणत्या भाषेत सांगता?

मराठीत. बोलताना आमची इकडची बोलीच तोंडात येते. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात की कळते.

काय आणायचं?

टोपी किंवा दुपट्टा, पाण्याची बाटली, वही, पट्टी, पेन्सिल. घरी कापूस असेल तर मूठभर आणा, वाणाचं नाव लिहून.

वर्धा-सेवाग्राम त्याच दिवशी होतं का?

होतं. हिंगणघाट-वर्धा पस्तीसेक किलोमीटर. जेवून निघालात तर वर्ध्याचं मगन संग्रहालय दुपारी पाहून होईल. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय चरखे, घाणी, हातकागद यांचं, म्हणजे खेड्याच्या तंत्रज्ञानाचं आहे. सकाळी जिनिंगमध्ये जे पाहिलं त्याच्याशी ते अगदी नेमकं जुळतं. ते चुकवू नका.

आता उपग्रह आणि जीपीएस आहे. साखळ्या-कोन शिकून काय मिळणार?

गेल्या वर्षी एका कास्तकाराने हेच विचारलं, ‘सर, हे मोजून कोनाले काय भेटलं?’ त्यांचं शेत मोजणीत दोन गुंठे कमी भरलं होतं आणि त्यांना कोणी कारण सांगत नव्हतं. आम्ही दोघं त्यांच्या बांधावर गेलो. तीन खुणा धरल्या, दोर आणि कोनमापक घेऊन त्रिकोण पाडले, वहीत मांडलं. कोपऱ्यातला एक दगड ओढ्याच्या पुराने सरकला होता. आकडा घेऊन ते पुढे गेले, आणि या वेळी त्यांना प्रश्न विचारता आला. उपग्रहही अंतरांवरूनच जागा काढतो. आत काय चाललंय ते माहीत असलं की यंत्राने दिलेल्या आकड्याला ‘कसा काढला?’ असं विचारता येतं.

आमच्या गावात अशी फेरी सुरू करता येईल का?

येईल, आणि आम्ही येऊन पहिली फेरी तुमच्यासोबत काढू. तुमच्या गावात जुनी विहीर असेल, बंद पडलेला जिन असेल, छोट्या लाइनचं स्टेशन असेल, मालगुजाराच्या काळातला तलाव असेल. त्यातलं एक निवडा. ज्यांनी तिथे हाताने काम केलं अशी दोन म्हातारी माणसं शोधा, त्यांचं नीट लिहून घ्या, कारण ती पुढच्या हंगामाला भेटतीलच असं नाही. मग तीस मीटर दोर घ्या, दर मीटरला गाठ मारा. सुती दोर नको, ओला झाला की आखडतो.